पखवाजाची कणीक

गुरुवर्य बुवांना शांतारामचा साष्टांग नमस्कार.

आज सोमवार, सकाळचे साडेआठ. महाडची गाडी आत्ताच फाट्यावरून गेली आणि मी खळ्यावर, भाताच्या राशीशेजारी, पाटीवर कागद ठेवून तुम्हांला लिहायला बसलो आहे. पत्र पोचायचं नाही हे मला कळतं. पण त्या गाडीत सोनू बसला नाही, त्याची ट्रंक परत घरात गेली, ही बातमी तुम्हांला नाही तर कुणाला सांगू?

तुम्हांला जाऊन एक पावसाळा उलटला. तुमच्यामागं वाडीत पखवाजावर हात बसलेला असा एकटा सोनू. मुलांना शिकवील तर तोच. माझं तुम्हांला ठाऊकच आहे. अभंग सगळे पाठ, पण बोटं थरथरतात. "शांताराम, तू टाळ धर आणि सगळ्यांच्या वाटची काळजी कर," असं तुम्ही म्हणायचात. ती मी करतच होतो. तेवढ्यात दिवाळीनंतर सोनूला मामाचं मुंबईहून बोलावणं आलं. गिरणीत बदली कामगाराची जागा आहे, लगेच ये.

मी त्याला अडवायला गेलो. तो ट्रंकेला दोरी बांधत होता.

"शिकवायला काय, शिकवीन रे शांतादा," तो म्हणाला. "पन माजी पोरं काय ताल खानार हायत?"

बुवा, याचं उत्तर तुमच्याकडे तरी होतं का हो? तुमचीही मुलं होतीच की.

तुम्ही पोलादपूरहून चालत आमच्या वाडीत शिकवायला आलात, तो पहिला गुरुवार आठवतो? नाद घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला तुम्ही कणीक मागितलीत. आमच्याकडे गहू दिसायचा तो होळीच्या पोळीपुरता. पीठ म्हणजे तांदळाचं, एवढंच आईला माहीत. तिनं तेच छान मळून दिलं. तुम्हीही अंधुक उजेडात ते थापलंत आणि दुसऱ्या चरणाला त्याला भेगा पडून तुकडे पाटीलबाबांच्या धोतरावर पडले.

"वहिनी, ही भाकरी झाली," तुम्ही म्हणालात. "पखवाजाला गहू लागतो."

"तुमच्या पखवाजाची मोठी ऐट हाय," आई म्हणाली. "माज्या पोरांना नाय मिलत गहू."

सगळे हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त. पुढच्या गुरुवारी मात्र तुम्ही घरूनच कणीक आणलीत, उपरण्याच्या टोकाला बांधून. मग दर गुरुवारी आणत राहिलात.

इथं माझं तुमच्याशी भांडण आहे. लहान तोंडी मोठा घास म्हणा, पण तुम्ही मागितलं का नाहीत? खळ्यावर भात निघालं की सुताराचा वाटा निघतो, न्हाव्याचा निघतो. तुम्ही त्याच खळ्याच्या कडेनं चालत देवळात जायचात. वर्षाच्या शेवटी आम्ही तुमच्या हातात नारळ-सुपारी ठेवायचो आणि फार काही केलं असं वाटून घरी जायचो. तुम्ही मागितलं नाहीत, म्हणून शिकवणाऱ्याला पोट असतं हे आम्ही विसरलो. तुमचं मोठेपण सोनूला महागात पडणार होतं, बुवा.

परवा गावकी बसली, तेव्हा मी उभा राहिलो. हो, मीच. काय बोलायचं ते नीट लिहून नेलं होतं, पण कागद इतका हलायला लागला की अक्षर दिसेना.

"सुताराइतकं भात शिकवणाऱ्यालाही द्यावं," एवढंच कसंबसं म्हणालो.

"देवाच्या नावाची मजुरी मागतोस काय रे?" पाटीलबाबांनी विचारलं. "बुवांनी कदी मागितली?"

कागदात याचं उत्तर नव्हतं. मग तोंडातून आपोआप आलं, "बुवा कणीक कुठून आणायचे?"

बायकांतून आईचा आवाज आला. "घरून आनायचे. नि भजन उरकलं की ती खरवडून आपुन कोंबड्यांना घालायचो."

"म्हंजे बुवांच्या पोरांचा गहू आपल्या कोंबड्यांनी खाल्ला?" सुतारकाका म्हणाले.

"आनि कोंबड्या कुनी खाल्ल्या, ते पाटलांना इचारा," मागून कुणीतरी बोललं.

पाटीलबाबाही हसले. मग खाली बघत म्हणाले, "निघू दे शिकवनाऱ्याचा वाटा."

सोनूला मी धावत जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "गावकीत सगलेच देतात. खल्यावर देतील तवा खरं." त्याचंही चुकलं नव्हतं. मला दोन रात्री झोप नाही.

आज सकाळी तो ट्रंक खांद्यावर घेऊन फाट्याकडे निघाला. वाट खळ्यावरूनच जाते. पाटीलबाबा राशीपाशी पायली घेऊन उभे होते.

"सोन्या, जातोस तर जा," ते म्हणाले. "पन जाता जाता पोत्याचं तोंड धर. माज्या एकट्याच्यानं होत नाय."

"कुनाचं पोतं?"

"तुजं."

पोत्याचं तोंड धरायला दोन्ही हात लागतात. सोनूनं ट्रंक खाली ठेवली. फाट्यावर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा पाटीलबाबा मापत होते आणि सोनूनं मान वर केली नाही.

आता मला नवी काळजी आहे. एखाद्या साली भात कमी आलं तर? पण तेव्हाही मी उभा राहीन. कागद हलला तरी चालतो, हे आता कळलं आहे.

एक पोतं पोलादपूरला तुमच्या घरी काकूंकडेही पोचवतो आहोत. त्या नको म्हणतील. पाटीलबाबांनी निरोप दिला आहे, "कोंबड्यांच्या वतीनं घ्या म्हणावं."

आणि बुवा, माझा तुम्हांला शब्द आहे. गुरुवारची कणीक यापुढं शिकवणाऱ्याच्या घरून येणार नाही. घरटी पाळी लावली आहे. पहिली आमची. आईनं महाडच्या बाजारातून गहू मागवला, काल जात्यावर दळला, आणि मला दोनदा विचारलं, "ह्याला तरी भेगा पडनार नाय ना रे?"

तुमचा,
टाळ धरणारा शांताराम