आकचायचे तीन दिवस

अखिसार
११ ऑगस्ट १९८७

प्रिय तहसीन,

तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके. मी ठीक आहे, तूही तिकडे धडधाकट असशील असं धरून चालते.

तंबाखूची तोडणी महिनाअखेर आटपेल. माझे हात दरवर्षीसारखे काळे नि चिकट झालेत, लिंबाने घासूनही निघत नाहीत. तेव्हा कागदावर डाग दिसले तर नाक मुरडू नकोस, साहेब.

आता मुद्द्याचं. सप्टेंबरात तीन दिवस आपण दोघं समुद्रावर, आकचायला जाऊ. शुक्रवारी अठराला जायचं, सोमवारी परत. तोवर उन्हाळ्याची गर्दी पांगलेली असते आणि पाणी अजून कोमट असतं. हुर्रियेतबाईंच्या लॉजमध्ये मी खोली सांगून ठेवली आहे. अंगणात चूल आहे, मासे आपले आपण भाजायचे. दुपारी कलिंगड आणि चीज, की मग पडायचं झाडाखाली. लहानपणी तू पाण्यात गार झरा शोधत फिरायचास आणि पायाला लागला की अख्खा किनारा जागा करायचास. ते झरे आहेत अजून.

एक मात्र ऐक. गाडी काढू नकोस. तीन दिवसांसाठी चार देश ओलांडून गाडी हाकण्यात काय हशील? विमानाने इझमीरला उतर आणि तिथूनच आकचायची बस पकड. आधी घरी यायची मुळीच गरज नाही. मी तुला बसस्टँडवर घ्यायला येईन.

तीन उन्हाळे तू आला नाहीस. मी ते उगाळत बसत नाही. आईने तुझ्याबरोबर जर्मनीला यायला नकार दिला, तू तिच्या हाताचा मुका न घेताच गाडीत बसलास, झालं ते झालं. भावाला बघावंसं वाटतं एवढंच.

नुरेत्तिनमामा तुला सलाम सांगतात. मामी सलाम सांगते. शेजारची मुकद्देस, तिचा नवरा, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे सांगतात. पोस्टमनही म्हणाला, माझाही लिहा.

ये रे. उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
पेरिहान


अखिसार
२ सप्टेंबर १९८७

तहसीन,

तुझं पत्र काल मिळालं. चारच ओळी. 'ताई, तुझ्या पत्रात मामांचा सलाम आहे, न्हाव्याचा आहे, पोस्टमनचासुद्धा आहे. आईचा नाही. म्हणजे तिचा राग अजून गेलेला नाही. ती घरात फुगून बसली असताना मी समुद्रावर मजा मारायला येणार नाही.'

सलामांत पहिला आईचा असतो, हे काय मला ठाऊक नाही? मी पेन हातात धरून किती वेळ बसले होते. तिच्या नावाने खोटा सलाम लिहायला हात धजेना, आणि खरं लिहायलाही धजेना. मग गाळून टाकलं. वाटलं, एवढ्या नावांत तुझ्या लक्षात येणार नाही. परक्या देशातला माणूस पत्र आधी शेवटाकडून वाचतो, हे मी विसरले.

तहसीन, आई गेली. चौदा मे रोजी, दुपारी.

आपल्याकडे परदेशातल्या मुलाला असं लगेच कळवत नाहीत, तुला माहीत आहे. मामा म्हणाले, "त्याला आत्ता सांगू नकोस. न झोपता गाडी हाकत येईल आणि युगोस्लाव्हियात कुठल्या तरी ट्रकखाली जाईल." इमामांच्या मुलाचं तसंच झालं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आकचायचा बेत त्यासाठीच होता. तुला विमानाने आणायचं, पाण्याकाठी बसवून सावकाश सांगायचं आणि मग दोघांनी मिळून घरी यायचं.

इथेच सही करून पाकीट चिकटवलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. पण पुढचं मामांनाही माहीत नाही.

आई नऊ दिवस इस्पितळात होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तहसीनला कळव." तारघर समोरच होतं. तार केली असती तर दोन दिवसांत तू विमानाने आला असतास. मी रस्ता ओलांडला, दारापर्यंत गेले आणि माघारी फिरले. ट्रकबिक काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होता तू धाडलेला तो करडा कोट. भर उन्हाळ्यात ती तो मला पेटीतून काढायला लावून शेजारणींना दाखवायची. अकरा वर्षं तिचं अंग मी पुसलं, सूप मी भरवलं, माझं लग्नाचं वय तिच्या उशाशी निघून गेलं, आणि आल्यागेल्याला कौतुक सांगायची ती तुझं. मला वाटलं, हे शेवटचे दिवस तरी ती माझ्या एकटीची असू दे. आणि खरं सांगायचं तर, तुलाही जरा कळू दे, असंही वाटलं.

परत येऊन तिला सांगितलं, तार केली. ती म्हणाली, "मग येईल." रोज विचारायची. मी रोज म्हणायचे, निघालाय.

शेवटच्या सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "पेरिहान, तो नाही ना येत?"

मी कंगवा फिरवत राहिले.

"तू त्याच्यावर डाफरू नकोस हं. कारखान्यातून सुटी देत नसतील. माझा राग केव्हाच गेलाय, तेवढं सांग त्याला."

हा तिचा निरोप. साडेतीन महिने मी तो स्वतःजवळ ठेवून घेतला. तिला वाटलं तू आला नाहीस, तुला वाटतंय ती रागावली आहे, आणि दोन्ही माझ्यामुळे. मामांची रीत मला आयती सापडली, तिच्याआड मी लपले. मला लाज वाटते, तहसीन. रात्रंदिवस वाटते.

अठराला मी आकचायला जाणार आहे. खोली रद्द केलेली नाही. तू येशीलच असं मनात धरलेलं नाही, पण इझमीरच्या प्रत्येक बसला मी स्टँडवर उभी असेन, तिन्ही दिवस. आलास तर थोरली म्हणून मी हात पुढे करणार नाही. माझ्या हाताचा मुका घेऊन तो कपाळाला लावावास एवढी मी तुझी मोठी राहिलेली नाही. तू फक्त बसमधून उतर आणि मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन, आणि मग तुला तिच्या कबरीकडे घेऊन जाईन.

पेरिहान