उजवा पाय सोडून बाकी ठणठणीत

३ मार्च, सोमवार
फॅमिली डॉक्टर म्हणाले, महिनाभर लक्षणं लिहून ठेवा. म्हणून ही वही. दोनशे पानी आणली, चूक झाली. लक्षणं नाहीतच. चालता चालता उजव्या पायातली चप्पल निघून जाते, एवढंच. चप्पल जुनी आहे. बायको म्हणते, चप्पल नाही, पाय. तिचा स्वभावच काळजीचा.
संकल्प: उद्यापासून सकाळी साडेपाचला चालायला जाणे.

४ मार्च
सव्वासातला उठलो. चालणं उद्यापासून.
नवी चप्पल घेतली, मागे पट्टा असलेली. संध्याकाळी जिना चढून दारात पोचलो तर मुलगी म्हणाली, बाबा, एकच चप्पल? दुसरी खालच्या मजल्यावर सापडली, पट्टा उसवलेला. एक मजला अनवाणी चढलो आणि पत्ता नाही. विचारात असणार. हल्ली माल टिकाऊ येत नाही.

७ मार्च, शुक्रवार
पोटरीच्या कातडीखाली काहीतरी फडफडतं. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही. बायको टक लावून बघत होती. पँटचा पाय खाली ओढला.

१० मार्च
हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे नॉर्मल! मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकवीस वर्षं गाडी शिकवतो, माझ्या गाडीला ओरखडा नाही. असा माणूस आतूनही नीटच असणार. येताना आइस्क्रीम घेतलं. बायकोने खाल्लं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली आहे. मोठे डॉक्टर आहेत म्हणे. औपचारिकता.

१२ मार्च
चौकशी केली. तिथे सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून चालायला लावतात. म्हणजे परीक्षाच. दोन दिवस घरातल्या फरशीच्या रेघेवर सराव केला. कपाट धरून उत्तम जमतं.

१४ मार्च, शुक्रवार
मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत कपाट नव्हतं. तरी चार पावलं झाली. मग म्हणाले, पाय जुळवून उभे राहा, डोळे मिटा. मिटले. उघडले तेव्हा नर्सने मला काखेत धरलं होतं. फरशी गुळगुळीत होती.
मग एक लोखंडी चिमटा वाजवून पायाच्या अंगठ्याला लावला. कंप जाणवला की हो म्हणा. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो, दहापैकी दहा. डॉक्टर हळूच म्हणाले, शेवटच्या चार वेळा मी वाजवलाच नव्हता.
किती दिवस होतंय, असं विचारलं. मी म्हणालो, दोन आठवडे. बायको म्हणाली, गेल्या वर्षापासून. काम काय करता? मी म्हणालो, ऑफिसात. तेही खोटं नाही, आमच्या स्कूलला ऑफिस आहे. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

१८ मार्च
एमआरआय. नळीत पाऊण तास पडून राहिलो. आतला आवाज खराब इंजिनासारखा. रिपोर्ट: मेंदू नॉर्मल, मणके नॉर्मल. मुलीला फोन करून सांगितलं, तुझा बाप पास! मोठे डॉक्टर पुढे म्हणाले की नॉर्मल म्हणजे आजार नाही असं नव्हे, अजून सापडला नाही. डॉक्टर लोकांना शेवटचा शब्द आपलाच लागतो.

२० मार्च, गुरुवार
सकाळी बाईंचा तास. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, यांचा सतरावा तास. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून मध्येच आले. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, शिकणाऱ्याने नाही दाबला तर मी दाबायचा. मी दाबला.
गाडी थांबली नाही.
खाली पाहिलं. पाय पायपुसणीवर होता. ब्रेकपासून वीतभर लांब. मला तो ब्रेकवर असल्याचं अगदी स्पष्ट जाणवत होतं.
गाडी थांबली ती बाईंनी थांबवली म्हणून. म्हाताऱ्याचा हात बॉनेटवर होता. बाई म्हणाल्या, सर, तुम्ही दाबला नाहीत. मी म्हणालो, मुद्दाम, तुमची परीक्षा घेत होतो. त्यांना खरं वाटलं. आभार मानले माझे.
डबा तसाच परत आणला.

२१ मार्च
चुकीचे बूट. पातळ तळव्याचे घेणे.
दुसरा उपाय: दर मिनिटाला खाली बघून पाय कुठे आहे याची खात्री करणे. हा आज करून पाहिला. तेवढ्या वेळात रस्त्याकडे कुणी बघायचं, हे ठरलेलं नाही.

२४ मार्च, सोमवार
नसांची तपासणी. सुया टोचतात, शॉक देतात. मी ओरडायची तयारी ठेवली होती. उजव्या पायाला गरज पडली नाही. तपासणारी मुलगी आधी माझ्याशी गप्पा मारत होती, मग फक्त मशीनशी.
मोठे डॉक्टर म्हणाले, नसांमधून संदेश नीट जात नाहीत. कारण कळत नाही. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. आणि तोवर गाडी बंद. मी म्हणालो, मी ऑफिसात असतो. ते म्हणाले, तुम्ही गाडी शिकवता, हे तुमच्या मिसेसनी फोन करून सांगितलंय.

२५ मार्च
स्कूलच्या मालकांना समजावून सांगायचं ठरवून गेलो. मुद्दे काढले होते. एक, आठवड्याची रजा. दोन, परतल्यावर फक्त अनुभवी शिकाऊ. मालकांनी पाणी दिलं, चहा दिला, माझ्या हातातून गाडीची किल्ली घेतली. बायको त्यांच्याकडेही जाऊन आली होती.
घरी येऊन भांडायचं होतं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. म्हणाली, उद्या तुमच्या गाडीखाली कुणी आलं असतं तर तुम्ही जगला नसता. सायकलवाल्याचं तुम्ही मला सांगितलं नव्हतं, असंही म्हणाली. तिला गणिताच्या बाई भाजीच्या दुकानात भेटल्या होत्या. सरांचं फार कौतुक करत होत्या.
मी जेवलो.

२८ मार्च
पाठीतून पाणी काढलं. दिवसभर उताणा. छताकडे बघत एक विचित्र इच्छा केली. या वेळी काहीतरी सापडू दे. कितीही वाईट नावाचं असो, नाव असू दे.

४ एप्रिल, शुक्रवार
रिपोर्ट नॉर्मल.
बायकोने विचारलं, मग आता काय? मोठे डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी या. तोवर आजार थोडा वाढला तर ओळखता येईल. चांगला माणूस आहे, हे बोलताना त्यांनी पेन खाली ठेवलं.
बाहेर आल्यावर मी बायकोला सांगितलं, परवापासून डाव्या पायालाही जमीन जाणवत नाही. ती म्हणाली, आत जाऊन सांगा. पण आत पुढचा पेशंट गेला होता. आम्ही दाराबाहेरच्या बाकावर बसलो.