तीन धपाटी आणि गुरुजींचं गणित

सोमवार, दिवेलागण

लेकीचे सासरे असतील मोठे गणिताचे गुरुजी, पण चारचौघांत मला हसायचं काय काम? कोडं त्यांचंच. तव्यावर दोन धपाटी मावतात, एक बाजू भाजायला एक मिनिट, मग तीन धपाटी किती मिनिटांत? मी म्हणलं, तीन. "विहीणबाई, चार! शाळेत गेल्या असत्या तर..." शाळा? मी तवाच ठेवला, घड्याळ त्यांच्या हातात दिलं. मिनिटभरानं एक धपाटं उलटलं, दुसरं अर्धं कच्चंच उतरवून तिसरं टाकलं. मग पहिलं काढून उरलेल्या दोन बाजू संगट भाजल्या. तीन मिनिटं! घड्याळ त्यांच्याच हातात! लेक पदराआड हसली. लई गार वाटलं. आता माझं कोडं: पाच धपाटी किती मिनिटांत? गुरुजी, रविवारपर्यंत उत्तर पायजे, आन तेबी तव्यासमोर उभं राहून!