पुष्कर सरांचं बालपण

३ नोव्हेंबर
अमरावतीत नोकरी लागली! पुष्कर सरांची व्याख्यानं लिहायची. राहायला त्यांच्याच बंगल्यातली मागची खोली. भिंतभर सन्मानचिन्हं. जुना फोटो मात्र एकही नाही. सर इतकं आपुलकीनं बोलतात की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. वलगावला आईला फोन केला. म्हणाली, "सायबापुढं जास्त टुरटुर करू नोको."

७ नोव्हेंबर
सरांना त्यांच्या लहानपणीचा एखादा प्रसंग विचारला. ते हसत राहिले, मग हळूच म्हणाले, माझ्याजवळ नाही. म्हणून माझा दिला. आईनं जुन्या टायरच्या चपला कापून दिल्या होत्या, तो. व्याख्यानात सरांनी तो स्वतःचा म्हणून सांगितला. सभागृह रडलं. सरही.

१२ नोव्हेंबर
आईनं फोनवर टायरच्या चपलांचा विषय काढला. ही तर सरांची गोष्ट, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "माह्या बोटाले अजून वण हाये, बाई."
वरची नोंद माझ्याच अक्षरात आहे. मला काही आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, अकोला
व्याख्यानानंतर जुन्या शहरातल्या अनसूयाबाई भेटल्या. त्यांचा मुलगा प्रीतम माझ्याआधी याच कामावर होता. आता रोज सकाळी तो त्यांना विचारतो, तुमी कोन? बाई माझा हात सोडेनात. "पोरी, त्याले तुही माय देऊ नोको."

२० नोव्हेंबर
काम सोडत असल्याचं सांगितलं. सर रागावले नाहीत. चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं. म्हणाले, टाळ्या थांबल्या की मी कुठे असतो, मला कळत नाही. परवाच्या व्याख्यानापुरतं थांबा. कीव आली. थांबले.
एक आठवण जाऊ नये म्हणून इथे लिहून ठेवते. गाडीत भरलेला कापूस तुडवायला आई मला आत उतरवायची. मी बुडू नये म्हणून वरून सारखं माझं नाव घ्यायची. मी ओ द्यायची.

२२ नोव्हेंबर
वही जागेवर नव्हती. व्याख्यानानंतर सरांनी परत दिली, नीट पुसून. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे.
कशाबद्दल—

२४ नोव्हेंबर
फाटकाशी एक बाई. वलगावहून आले म्हणते. बोटावर वण.
माझं नाव घेते. सारखं घेते—
वरच्या खिडकीतून सर ओ देतात. प्रत्येक हाकेला.
ती माझ्याकडेच बघते. मीही ओ द्यावी, असं वाटतं, पण ही कोण—