दुसऱ्या कडव्यातलं ‘चुकलं’

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
टिटवीचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गालिचे चिकटवलेली खोली. मधे काच, पलीकडे बटणांसमोर ध्वनिमुद्रक. अलीकडे पियानो, ड्रम, माणसापेक्षा उंच, खर्जात बोलणारा बास, आणि त्याच्यामागे लपता येईल का हे बघणारी मी. गाणी मीच लिहिली असल्यामुळे शब्द विसरले तरी दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

गाण्यांना जॅझचा बाज आहे, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. बास वाजवणारे काका म्हणतात, ठेक्याच्या जरा मागून ये, तो कुठे पळून जात नाही. मी मागून येते. पण आल्याबरोबर उशीर झाल्यासारखं वाटतं आणि तोंडातून आपला घरचा शब्द निघतो, ‘चुकलं’. मग मी थांबते. का, ते तू ओळखलंच असशील. बाबा शिवता शिवता मला गाणं शिकवायचे. चुकलं की मी ‘चुकलं’ म्हणायचं आणि त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ‘पुढे’ म्हणायचं. त्याशिवाय पुढचा सूर लावायची माझी छाती नव्हती. इथे ‘पुढे’ कुणीच म्हणत नाही. सगळी वाद्यं एकमेकांवर आदळतात आणि मी काचेकडे बघत वाट पाहते.

बाकीची गाणी रडतखडत झाली. बाबांवरचं तेवढं राहिलंय. या महिन्याच्या आत जमलं नाही तर ते वगळायचं ठरलंय. मला ते निर्दोषच हवंय, नाहीतर त्यांना ऐकवू कुठल्या तोंडाने? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

माझ्यावरचा तुझा लोभ माझ्या चुकांहून मोठा राहो.

तुझी,
टिटवी


९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र दुपारी मिळालं. सांगू नकोस म्हणालीस, म्हणून दादाला लगेच सांगितलं नाही, संध्याकाळी सांगितलं. ‘पुढे’ एवढा शब्द टेप करून दे, मी पोरीला पाठवते, असंही म्हटलं. तुझे बाबा कुणाच्या तरी बाहीचं माप घेत होते. म्हणाले, तो शब्द शेजारी उभं असेल त्याने म्हणायचा असतो, पोस्टाने पाठवायची ती वस्तू नाही. शिवाय ठेक्याच्या मागून येणं ही कला असेल, तर गिऱ्हाइकाचे कपडे उशिरा देणारा मीही थोर कलावंतच, असंही ऐकवलं. गिऱ्हाईक हसलं नाही.

तू त्या जॅझवाल्या मंडळींत गेल्यापासून त्याने तुझं एकही गाणं ऐकलेलं नाही, हे तुला माहीत आहे. तू पाठवलेलं सगळं बटणांच्या खणात पडून आहे. पण बटणांपेक्षा नीट ठेवलंय, एवढं मी बघितलंय.

मला त्याने जन्मात कधी ‘पुढे’ म्हटलं नाही, कारण मी ‘चुकलं’ असं कधी कबूलच केलं नाही. तुझा पिंड वेगळा. तेव्हा त्या बासवाल्यांना सगळं सांगून टाक. लाज वाटेल, वाटू दे. टिटवीने समुद्र आटवला म्हणतात, तुला तर एका कडव्यापुरतंच पाणी उपसायचंय.

जेवणाकडे लक्ष दे, आणि माझ्या सल्ल्याकडेही.

तुझी,
आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. एवढी मोठी बाई अजून घरच्या हुकमाची वाट बघते, हे कबूल करताना माझे कान इतके तापले की त्यांवर बाबांची इस्त्री झाली असती. बासवाले काका हसले नाहीत. नुसतं बरं म्हणाले.

मग गाणं घेतलं. दुसऱ्या कडव्यात मी मागून आले, सवयीने ‘चुकलं’ म्हणाले, थांबले.  काकांनी दोन खर्जातले सूर छेडले. काय झालं ते मला कळायच्या आत मी गात होते. शेवटपर्यंत.

ध्वनिमुद्रक म्हणाला, तो शब्द सहज पुसता येईल. मी हात जोडून म्हटलं, पुसा. पुसून ऐकलं, तर ते दोन सूर कुणी न विचारता दिलेल्या उत्तरासारखे वाटायला लागले. तेव्हा शब्द ठेवलाय. आता माझी चूक दुकानात विकत मिळेल. जगाचं काही नाही गं, बाबांची भीती वाटते. सीडी सोबत पाठवतेय. खणात टाकायची की ऐकवायची, ते तू ठरव. मी इथे नखं खात बसते.

आहे तशी मला सांभाळून घ्यावी.

तुझी,
टिटवी


५ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

नखं वाढू दे आता.

दादा परकराची किनार दुमडत होता, तोंडात टाचण्या. नकार देता येणार नाही अशी वेळ साधूनच मी सीडी लावली. पहिल्या कडव्याला त्याने भुवया चढवल्या. पोरगी उशिरा येते, एवढाच त्यांचा अर्थ. दुसऱ्या कडव्यात तू ‘चुकलं’ म्हणालीस आणि त्याचा हात थांबला. त्याने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, “पुढे.”

मग ते दोन सूर आले. तू गायला लागलीस. त्याने टाचण्या परत तोंडात घातल्या नाहीत. गाणं संपलं तरी त्या तशाच पडून होत्या.

नंतर म्हणाला, तो बास वाजवणारा जरा उशिरा बोलतो, पण माणूस घरातला वाटतो. आणि मला पुन्हा लावायला सांगितलं. परकर आज द्यायचा होता. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं आहे, म्हणून पत्र आवरतं घेते.

तुझ्यावर आधी होता त्याहून थोडा जास्तच लोभ असणारी,
आत्या