पेनीकॉटच्या राईतला बंद कोपरा

पेनीकॉट,
रविवार, १७ एप्रिल १९९४

प्रिय मेरियल,

तू आणि टॅमसिन खुशाल असाल. इथे माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे. गुडघाही एरवी गप्प असतो, फक्त चर्चच्या पायऱ्या आल्या की कुरकुर करतो, त्यामुळे पाद्रीबाबांना वाटतं माझी श्रद्धा कमी झाली.

टॅमसिनचं घुबडाचं चित्र मिळालं. शेगडीवरच्या भिंतीला लावलंय. घुबडाला इतक्या लांब पापण्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, पण आता खरी घुबडंच मला जरा उघडीबोडकी वाटायला लागली आहेत. तिला सांग, आजीला फार आवडलं.

आपल्या राईत ब्लूबेलची निळी फुलं लवकर आलीत. दक्षिणेच्या बांधाकडे तर खाली नुसता निळा धूर पसरल्यासारखं दिसतं. रानलसणीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. राईची छाटणी बघणारा ॲमॉस टिडबरी रोज सकाळी येतो, चार चमचे साखरेचा चहा पितो आणि हरणांना शिव्या देतो. हेझलच्या झुडपांची छाटणी झाली की बुंध्यांना कोंब फुटतात आणि ती बुटकी हरणं ते कुरतडून टाकतात. म्हणून ह्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने प्रत्येक बुंध्यावर फांद्यांचे ढीग रचले. परवा तो पाहतो तर एक हरीण त्याच ढिगाच्या आडोशाला निवांत झोपलेलं. ॲमॉस दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही, जणू मीच त्या हरणाला अंथरूण घालून दिलं होतं.

बाजाराच्या गावाची बस आता फक्त मंगळवारी आणि शनिवारी येते.

मेरियल, फेब्रुवारीतल्या तुझ्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मध्ये दोन पत्रं पाठवली, पण त्यात पाऊस होता आणि जॅम होता. तुला ते कळलं असणारच. तू काही बोलली नाहीस, कारण तू तशीच आहेस.

ग्विनबद्दल लिहिते. तो शरदात तुझ्याबरोबर आला होता तेव्हा त्याने न सांगता शिडी लावून माझी पन्हाळ साफ केली. जेवण झाल्यावर सगळी भांडी पुसली आणि एकूण एक भांडं चुकीच्या जागी ठेवलं. झारा मला तीन आठवड्यांनी सापडला. मला माणूस आवडला. माझ्या कॉलिनच्या जागी कोणाला बघताना त्रास होईल असं वाटलं होतं, पण तो त्या जागी बसलाच नाही. त्याने दुसरी खुर्ची ओढून घेतली. तेही मला आवडलं.

आणि त्याने लग्नाचं विचारलं तर तू त्याला नाही म्हणालीस. तुझे शब्द माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. 'माझ्या घरातून एक माणूस माझ्यावर रागावून बाहेर पडला आणि परत आला नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मला ते व्हायला नको.'

ते पत्र वाचलं त्या दिवशी मी बूट चढवले आणि राईच्या वरच्या कोपऱ्यात गेले. कॉलिन गेल्यापासून तिथे मी कोणाला छाटणी करू दिलेली नाही. ॲमॉस दर हिवाळ्यात विचारायचा, मी दर हिवाळ्यात नाही म्हणायची. साडेपाच वर्षांत काटेरी वेलींनी वाट पार बुजवून टाकली होती. मी आत शिरू शकले नाही. बांधावर बसून राहिले. मग ॲमॉसला सांगितलं, तो कोपरा मोकळा कर.

त्याला दहा दिवस लागले. शेवटच्या दिवशी मी त्याचा चहा घेऊन गेले, तर तो काम थांबवून उभा होता. म्हणाला, "डॉर्कस, त्या दिवशी कॉलिनजवळ पडलेली करवत तुझी होती."

मी चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"लाल दांड्याची. दर वर्षी मीच तिला धार लावून द्यायचो. तुझ्या मागच्या दाराआड असायची. म्हणजे तो स्वतःच्या घरातून थेट राईत गेला नव्हता."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलास?"

"तू विचारलं नाहीस."

मग त्याला मी सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ब्रिस्टलला पोस्ट जाते."

तर आता तुला सांगते. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं आहे आणि चारही वेळा गुडघ्यापर्यंत येऊन थांबले आहे.

त्या सकाळी तुमचं तुझ्या ब्रिस्टलच्या शाळेतल्या नोकरीवरून भांडण झालं, त्याने दार आपटलं आणि तो निघून गेला, इथवर तुला माहीत आहे. तो माझ्याकडे आला. राईत नाही. माझ्या स्वयंपाकघरात. आला तेव्हा कपाळाला आठ्या होत्या, पण पाव आणि जॅम पुढे ठेवल्यावर त्याचा राग कधी टिकायचा? दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. मग स्वतःवरच हसायला लागला. म्हणाला, "आई, मी गाढव आहे. तिला ती शाळा मिळायलाच हवी. मला काय, सुतारकाम कुठेही करीन. आता जातो आणि तिला सांगतो, आपण ब्रिस्टलला जाऊ."

मेरियल, हे वाक्य त्याने तुझ्यासाठी तयार केलं होतं आणि ते साडेपाच वर्षं मी स्वतःजवळ ठेवलं.

तो उठला, कोट घातला. आणि मी म्हणाले, जाण्याआधी वरच्या कोपऱ्यातलं ते ॲशचं झाड तेवढं बघ. वाऱ्याने उन्मळून शेजारच्या ओकवर अडकलं होतं ते, वाटेवर तिरकं. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हणाला, "आज वारा आहे, आई. उद्या करतो."

मी म्हणाले, "उद्या काय, तू तर ब्रिस्टलला निघालास."

त्याने कोटाची बटणं लावली. मग दाराआडची करवत घेऊन गेला. तेच झाड त्याच्या अंगावर आलं.

त्या झाडाची मला घाई नव्हती. वाटेने जाणारं होतं तरी कोण? तासभर तो राईत राहील, त्याच्या वडिलांनी लावलेली झाडं बघेल आणि त्याचं मन फिरेल, असं मला वाटलं. मला तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं. टॅमसिन नुकती माझ्या अंथरुणात येऊन झोपायला लागली होती. कारण एवढंच आहे. मी त्याला मोठं करून लिहू शकत नाही.

पण खरं वाईट मी नंतर केलं. त्याच्या मृत्यूच्या सरकारी चौकशीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, आमचं भांडण झालं होतं, तो रागात होता, म्हणून त्याचं लक्ष नसेल. मी तुझ्या शेजारी बसले होते. तू खाली बसलीस तेव्हा मी तुझा हात हातात घेतला. तुझा हात थंडगार होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तुझा हात चोळत बसले.

पुढेही दर वर्षी सांगायचं ठरवायचे. तू टॅमसिनला घेऊन आलीस की वाटायचं, उद्या सांगू, आज पोरगी खूश आहे. तू कधी मला एकटं टाकलं नाहीस. दर नाताळला आलीस, माझ्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस राहिलीस, माझे केस धुतलेस. जितकी माया केलीस तितकं माझं तोंड शिवलं गेलं. हे कळल्यावर तू येणार नाहीस, ही भीती होती. अजूनही आहे. पण आता तू एका चांगल्या माणसाला दारातून परत पाठवते आहेस, आणि ज्या कारणासाठी पाठवते आहेस ते कारण खोटं आहे. ते खोटं माझं आहे.

तो तुझ्यावर रागावलेला नव्हता. तो तुझ्याकडे परत यायला निघाला होता.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. टॅमसिनला हे कधी सांगायचं ते तू ठरव. ग्विनला मात्र तुझं उत्तर पुन्हा एकदा विचारू दे.

त्याला थांबवणारी, आणि तू थांबू नयेस म्हणून हे लिहिणारी,
डॉर्कस


ब्रिस्टल,
रविवार, २९ मे १९९४

प्रिय आई,

पत्र मिळून सहा आठवडे होत आले. त्यातले चार मी तुमच्यावर इतकी चिडलेली होते की टॅमसिनने विचारलं, आजी मेली का? मी नाही म्हणाले. तर म्हणाली, मग तू अशी का बसतेस?

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी जे लिहिलं होतं ते तुम्ही कधी वाचू नये. तुम्हाला माहीत नाही, आई, दार आपटल्याचा आवाज मी किती वर्षं ऐकला आहे. शाळेत एखाद्या पोराने दार जोरात लावलं तरी माझ्या हातातला खडू खाली पडायचा. तुम्ही एका वाक्यात ते थांबवू शकला असता. तुम्ही माझा हात चोळत बसलात. तो दिवस मलाही आठवतो. मला वाटलं होतं, ह्या बाईचा मुलगा माझ्यामुळे गेला आणि तरी ती माझा हात धरते आहे. त्या हातासाठीच मी दर नाताळला येत राहिले.

तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण अजून तसं झालेलं नाही. झालं की सांगेन. पण तुमच्याशिवाय राहायचं, असंही मला ठरवता आलं नाही. प्रयत्न करून पाहिला.

तिसरा तुकडा मागितला, ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. घरून तो न खाता निघाला होता. तो उपाशी गेला, हेसुद्धा मला सलत होतं, आणि ते मी कधी कोणाला बोलले नव्हते. तो पोटभर खाऊन, हसून गेला. हे तुम्ही लपवलंत म्हणून राग आहे, आणि हे तुम्हीच मला दिलंत. दोन्ही एकाच वेळी कसं धरायचं ते मला अजून जमत नाही.

ग्विनने पुन्हा विचारलं नाही. तो तसा माणूस नाही, एकदा नाही म्हटलं की गुपचूप नळ दुरुस्त करून जातो. म्हणून गेल्या गुरुवारी मीच विचारलं. तो इतका वेळ गप्प राहिला की मी म्हणाले, अरे, हो किंवा नाही म्हण. तर म्हणाला, थांब, मी ऐकतोय. लग्न सप्टेंबरात, साधंच. तुम्ही यायचं आहे. गुडघ्याची सबब चालणार नाही, पायऱ्या नाहीत.

त्याआधी येत्या शनिवारच्या बसने आम्ही तिघं येतो. टॅमसिन आणि ग्विन ॲमॉससोबत राईत जातील. आपण दोघी स्वयंपाकघरात बसू. मला तो अर्धा तास तुमच्या तोंडून ऐकायचा आहे, कॉलिन दारातून आत आला तिथपासून. तो काय म्हणाला, कसा म्हणाला, कुठे बसला. काही गाळू नका. मी मध्ये रडले किंवा ओरडले तरी थांबू नका.

तुमची सून, सप्टेंबरानंतरही,
मेरियल