दोन नाना

सॉल्टपाँड,
रविवार, ३ ऑगस्ट १९९७

चि. नानास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झाला आहे. यंदा समुद्र गार आहे, मासळी उदंड, त्यामुळे ती टिकवायला अख्ख्या गल्लीत धुरी चालू असते आणि सगळ्यांचे डोळे रडल्यासारखे दिसतात. हे पत्र एको ड्रायव्हरच्या हाती देते आहे. त्याचा ट्रक सरहद्दीपलीकडे, तुझ्या आबिदजानला जातो. बंदराजवळच्या ज्या शेडमध्ये तू बोटींची इंजिनं दुरुस्त करायचास, ती त्याला ठाऊक आहे म्हणे.

तुझं शेवटचं पत्र आलं त्याला तीन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. त्याचं मग बोलू.

आपल्या घराचं संग्रहालय झाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. छप्पर नवं घातलं आहे, खिडक्यांच्या पट्ट्यांना हिरवा रंग दिला आहे. परवा दारावर नवी बाई होती. मला विचारते, "स्थानिक की बाहेरच्या?" मी म्हटलं, "बाई, या पायरीवर माझा पहिला दात पडला." तिने गुपचूप स्थानिकाचं तिकीट फाडलं! आईच्या खोलीत दोरी बांधली आहे, आत पाय ठेवायचा नाही. मी दोरीशी उभी राहिले आणि चोर असल्यासारखी इकडेतिकडे पाहत राहिले.

मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सेनाम मंगळवारीच गावाचे कार्यक्रम ठेवते. सेनाम म्हणजे तिथली व्यवस्थापक. व्होल्टा नदीपलीकडची मुलगी आहे. हुशार आहे, फक्त आपल्याकडच्या चालीरीती तिला पुस्तकातूनच माहीत. गेल्या मंगळवारी 'फोटो ओळखा' होतं. आईच्या ट्रंकेतले फोटो एकेक करून वर धरायचे आणि म्हाताऱ्यांनी नावं सांगायची. काय गलका! एका फोटोवरून दोन बहिणी हमरीतुमरीवर आल्या.

तुझाही फोटो निघाला. तोच, स्टुडिओतला, मोठ्या नानांचं भरजरी वस्त्र खांद्यावर आणि त्यांच्याच खुर्चीत ऐटीत बसलेला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाकी विशेष नाही. तू एक ओळ लिही. नुसतं 'आहे' एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी ताई,
आराबा


बुधवार, २० ऑगस्ट १९९७

चि. नानास आशीर्वाद.

एको परत आला. शेडला कुलूप होतं म्हणाला. शेजारी तळलेले मासे विकणाऱ्या एका बाईने पत्र ठेवून घेतलं. मी विचारलं, "तो आहे का, असं विचारलंस ना तिला?" तर म्हणतो, "विचारलं, मावशी. तिने मान हलवली." अरे, पण कशी हलवली? हो म्हणून की नाही म्हणून? ते त्या गाढवाला सांगता येत नाही. तेव्हापासून पानात बांधलेलं मक्याचं केंके उघडते आणि तसंच बांधून ठेवते.

नाना, त्या फोटोचं मी तुला पुरतं सांगितलं नाही.

सेनामने फोटो वर धरून विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हटलं, "नाना." बाकीच्या बायकांनीही एका सुरात म्हटलं, "नानाच की!" आता आपल्या गावात यात काय चुकलं? आईच्या मामांचं नाव तुला ठेवलं, त्या दिवसापासून त्यांच्यासारखा तूही नाना. तुला धपाटा घालायचा तर आई आधी वरच्या मजल्याकडे बघून मामांची माफी मागायची. मला मात्र सरळ बडवायची! पण व्होल्टापलीकडच्या पोरीला हे काय ठाऊक? तिने लिहून घेतलं आणि फोटोखाली पाटी लावली: 'नाना क्वामेना बेन्सिल, व्यापारी, या घराचे संस्थापक. मृत्यू १९४१.'

आता तू वरच्या दिवाणखान्यात, वारलेल्या माणसांच्या रांगेत आहेस. चौकटीवर दुखवट्याची लाल-काळी पट्टी आहे. पाटी म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, पण पट्टी दिसते. रविवारी चर्चबाहेर दोघी मला गाठून म्हणाल्या, "आराबा, नाना तिकडे गेला आणि तू आम्हांला कळवलंही नाहीस? किती गं घट्ट मनाची!"

मी त्यांना नाही म्हटलं नाही. मान खाली घातली. त्यांनी माझे हात धरले आणि मी ते धरू दिले.

येत्या तीस तारखेला, शनिवारी, घराचा दिवस आहे. गावजेवण आहे, ढोल आहेत, आणि त्याआधी घराण्यातले सर्वांत वडील पा ओटू अंगणात मद्य ओतून एकेका पूर्वजाला नाव घेऊन बोलावणार आहेत. तुला ठाऊक आहे, जिवंत माणसाला त्या नावांत बोलावत नाहीत. मी मनाची समजूत घालते की नाव तर मोठ्या नानांचंच आहे, हाक त्यांनाच जाईल. पण पुढ्यात फोटो तुझा असेल. आणि दिवस शनिवार, तुझ्या जन्माचा वार.

मग जाऊन सांगून टाक ना, असं तू म्हणशील. तीनदा गेले. सेनामच्या टेबलापर्यंत गेले, हवापाण्याचं बोलले आणि परत आले. त्यात एक अडचण आहे. ती मी आज लिहीत नाही.

नाना, तू नुसता खोकलास तरी मला इथे ऐकू येईल, एवढे माझे कान तिकडे लागले आहेत.

तुझी,
ताई


सोमवार, १५ सप्टेंबर १९९७

नाना,

आज ख्यालीखुशाली नाही. आधी अडचण सांगते.

घर संग्रहालयाला द्यायचं तर तुझी सही हवी होती. आपल्यात घर मामाकडून भाच्याकडे जातं, तेव्हा ते तुझंच होतं. मी तर नुसती झाडलोट करत होते. चार पावसाळे मी आईच्या पलंगावर घमेली मांडली. तुला लिहिलं, तर तुझं उत्तर आलं: 'मी जिवंत असेपर्यंत त्या कागदावर सही होणार नाही.' माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! इथे भिंत माझ्या अंगावर येते आहे आणि हा तिकडे बसून ऐट करतो! संग्रहालयाच्या समितीच्या कागदावर रकाना होता, 'इतर वारस'. मी त्यात लिहिलं: 'एक भाऊ. हयात नाही.'

तुझंच वाक्य तुझ्यावर उलटवल्याचं मला तेव्हा समाधान वाटलं. संध्याकाळपर्यंत टिकलं ते. त्यानंतर मी तुला पत्र लिहूच शकले नाही. आणि तुझंही आलं नाही. मग मला वाटायला लागलं की माझं लिहिणं तुला लागलं, तू खरंच गेलास. म्हणून फोटो चुकीच्या रांगेत लागला तेव्हा मी गप्प बसले. सेनामला सांगितलं असतं की हा जिवंत आहे, तर तिने विचारलं असतं, मग कागदातला मेलेला भाऊ कोणता?

आता तीस तारखेच्या शनिवारचं ऐक.

सेनामने सगळे फोटो खाली आणून अंगणात टेबलावर मांडले होते. लाल-काळ्या कपड्यांतली माणसं गेटपर्यंत उभी होती. पा ओटूंना आता जवळजवळ दिसत नाही. हात टेबलावर फिरवत ते नाव घेत होते, मद्य ओतत होते आणि लोक 'हो' म्हणत होते. त्यांचा हात तुझ्या चौकटीवर येऊन थांबला. "नाना क्वामेना बेन्सिल, ये. हे घे, पी." बाटली कलली. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा! तो जिवंत आहे!"

ढोलवाल्यांचे हात जागच्या जागी थांबले. पा ओटू माझ्या दिशेने कान करून म्हणाले, "कोण जिवंत? अगं, छप्पन्न वर्षं झाली त्यांना. मी त्यांच्या मयताला जेवलोय!"

लोक हसले. मी म्हटलं, "ते नाहीत, पा. फोटोतला. माझा भाऊ."

मग कोणी हसलं नाही. चर्चबाहेरच्या त्या दोघींपैकी एक म्हणाली, "पण तू तर त्या दिवशी..." आणि तिने वाक्य अर्धंच सोडलं. सेनाम पुढे आली. "मॅडम, कागदात तर तुमचा भाऊ..."

"कागदात मी खोटं लिहिलं," मी म्हटलं. तिने हातातली यादी दुमडली. आणि हळूच विचारलं, "मग हे घर कुणाचं?"

"त्याचं."

पोर रडायलाच लागली. तिची दोन वर्षांची मेहनत आहे, नाना, आणि तिची काही चूक नाही. समितीची बैठक अठ्ठावीस तारखेला आहे. मला काय म्हणायचं ते म्हणतील. गावात आताच मला बघून बोलणं बंद होतं. ते मी सोसेन.

पा ओटूंनी मला जवळ बोलावलं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं, पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मद्य जमिनीत गेलं, आराबा. त्याला हाक गेली. आता तो तिकडे जाण्याआधी तू त्याला इकडे बोलाव. त्याच्या वारी, त्याच्या उंबऱ्यावर, कुस्करलेला यामचा कंद आणि अंडं. तुझ्या हातचं."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर तू करत राहा."

म्हणून करते आहे. याम उकडते, लाल पामतेलात कुस्करते, वर सोललेलं अंडं ठेवते, जसं आई तुझ्या वाढदिवसाला करायची. सेनाम स्वतः येऊन दार उघडते. दारावरची बाई आता मला तिकीट विचारत नाही. पहिल्या शनिवारचं शेळीने खाल्लं. परवाचं मी अंधार पडेपर्यंत राखत बसले, मग समुद्रावर नेऊन सोडलं. तुझा फोटो त्या रांगेतून काढला आहे. दिवाणखान्यात त्या जागी नुसता खिळा आहे. सेनामने विचारलं, "इथे काय लावू?" मी म्हटलं, "थांब."

एको गुरुवारी निघतो आहे. माझं दुसरं पत्रही त्याने त्या मासेवालीकडेच दिलं, आणि तिने दोन्ही परत पाठवली नाहीत. मेलेल्या माणसाची पत्रं कोणी जपून ठेवत नाही, असं मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगते.

ये, नाना. घर परत घ्यायला ये, माझ्यावर फिर्याद करायला ये, चारचौघांत माझा पाणउतारा करायला ये. तिकिटाच्या टेबलाशी थांबू नकोस. पायरीवर बस, आधी खा, मग भांड. मी उलट एक शब्द बोलणार नाही. आणि येणं जमत नसेल, तर कोऱ्या कागदावर तुझ्या बोटाचं इंजिनाचं काळं तेल उमटवून पाठव. मला ते वाचता येईल.

आजवर पत्राच्या माथ्यावर घाईघाईने 'चि.' एवढंच लिहीत आले. आज वर तेवढंही लिहवलं नाही, म्हणून तो अख्खा शब्द इथे खाली लिहिते. तुला मेलेला लिहिलं त्याच हाताने.

चिरंजीव नाना.

तुझी वाट पाहत पायरीवर बसलेली,
आराबा